शिडाच्या जहाजांच्या मॉडेलवरची लाकडी जाळी: मापात आणि खऱ्या बांधणीनं

डोलकाठी, कोथरूड

‘ट्रिंकोमाली’च्या बांधणीच्या धाग्यावर तुतकावरच्या (डेकवरच्या) जाळ्यांबद्दल इतक्या जणांनी विचारलं, की तिथं मध्ये मध्ये उत्तरं देण्यापेक्षा वेगळा धागा काढतो आहे. विषय छोटा दिसतो. पण मॉडेलमध्ये प्रमाण सांभाळलंय की नाही, हे माझ्या मते सगळ्यात आधी जाळीवरून कळतं. तोफ किती लांब असते हे बघणाऱ्याला ठाऊक नसतं, डोलकाठीची उंचीही ठाऊक नसते. पण ज्या जाळीवरून खलाशी दिवसरात्र चालतात तिच्या भोकातून पाऊल खाली जाता कामा नये, हे कुणालाही न सांगता कळतं.

ज्यांनी तो धागा वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ‘ट्रिंकोमाली’ हे ब्रिटिश नौदलाचं फ्रिगेट आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलं गेलं. जमशेटजी बोमनजी वाडियांनी ते मलबारी सागात बांधलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरलं. त्याचे नकाशे आधी ‘जावा’ या जहाजातून पाठवले होते. डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नं ‘जावा’ला हरवलं, त्यात ते नकाशे गेले आणि इंग्लंडहून दुसरी प्रत मागवावी लागली. जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यात उभं आहे. तोफांच्या तुतकाची लांबी सुमारे १५० फूट, म्हणजे १:६४ ला साधारण ७१ सेंटीमीटर. पुण्याच्या फ्लॅटमधल्या टेबलावर मावतं आणि कामही नीट करता येतं, म्हणून मी हे प्रमाण धरलं.

आता जाळी. तुतकाच्या मधल्या रेषेवर मोठे चौकोनी हॅच, म्हणजे खालच्या मजल्याची तोंडं, असतात. ते फळ्यांनी बंद केले तर खालच्या मजल्यावर ना उजेड ना हवा, आणि तोफा डागल्यावर धूर कोंडणार. उघडे ठेवले तर माणसं आत पडणार. म्हणून वर जाळी. वादळात तिच्यावर डांबर लावलेलं जाड कापड ताणायचं आणि कडेनं पट्ट्या ठोकून पक्कं करायचं.

ही जाळी बांधायची कशी, इथं बहुतेक किट घसरतात. किटमध्ये सगळ्या पट्ट्या सारख्या असतात. दोन्ही दिशांच्या पट्ट्यांना खाचा, एकमेकींत उलट्या अडकवल्या की झाली जाळी. खरी जाळी तशी नसते. तिच्यात दोन वेगळे भाग असतात. जहाजाच्या रुंदीत जातात त्या जाड, खोल पट्ट्या, त्यांना लेज म्हणतात. खाचा फक्त लेजच्या वरच्या बाजूला. त्या खाचांत जहाजाच्या लांबीत पातळ, सपाट पट्ट्या बसतात, त्या बॅटन. दोन्हींचा माथा एका पातळीत येतो. वरून बघितलं तर सारखे चौकोन दिसतात, पण तिरकस बघितलं की एका दिशेला खोली दिसते आणि दुसऱ्या दिशेला नाही. मॉडेलजवळ डोळा नेल्यावर हा फरक लगेच जाणवतो.

माप असं धरा. पट्टीची रुंदी साधारण ३ इंच, भोक अडीच इंचाच्या आसपास. १:६४ ला पट्टी १.२ मिमी आणि भोक १ मिमी. १:४८ ला १.६ आणि १.३. १:९६ ला ०.८ आणि ०.६५. आता आपल्या किटमधल्या जाळीला व्हर्नियर (बारीक मापाचं कॅलिपर) लावून बघा. १:६४ च्या जहाजावर २ मिमीचं भोक असेल तर खऱ्या मापात ते १२८ मिमी झालं, म्हणजे पाच इंच. बूटासकट पाय आत.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो: आधी जाळी, मग हॅचची चौकट. जाळी कडेला भोकावर संपत नाही, चारही बाजूंना पूर्ण पट्टी हवी. म्हणजे जाळीची रुंदी आपल्या मनासारखी निवडता येत नाही, ती भोकांच्या संख्येवर ठरते. बारा भोकं असतील तर तेरा पट्ट्या: तेरा गुणिले १.२ अधिक बारा गुणिले १, म्हणजे २७.६ मिमी. अकरा भोकं घेतली तर २५.४. मधलं काही नाही. नकाशात हॅच २७ चा दिसत असेल तर जवळचा आकडा धरायचा, जाळी करायची आणि तिच्याभोवती चौकट बांधायची. उलट क्रमानं गेलं की शेवटी एका कडेला अर्धं भोक उरतं आणि ते लपवायला जागा नसते.

खाचा कापायची रीत खाली प्रतिसादात लिहितो, प्रश्न येतील तसं.

नवखा_नाविक, सिंहगड रोड

दादा, धागा वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडे भेट मिळालेलं एक इटालियन किट आहे, त्यात अगदी तुम्ही म्हणता तशाच दातेरी पट्ट्या आहेत. भोक दीड मिमी, जहाज १:९६. म्हणजे खऱ्यात १४४ मिमी झालं ना? हे वाचेपर्यंत मला ती जाळी छान वाटत होती. मशीन काही नाही माझ्याकडे. हातानं होईल का?

वास्तुरेखा, एरंडवणे

मी आर्किटेक्ट आहे, आमच्या ऑफिसची मॉडेलं आम्ही लेझरवर कापून घेतो. हे सगळं लेझरवर का करत नाही? ०.८ मिमीच्या प्लायमधून १ मिमीचे चौकोन दहा मिनिटांत निघतील आणि अंतर चुकण्याचा प्रश्नच नाही.

डोलकाठी

ताई, प्रश्न रास्त आहे. लेझरचं अंतर माझ्या कुठल्याही जिगपेक्षा (काम धरून सारखं कापायच्या साच्यापेक्षा) अचूक येईल, त्यात वाद नाही. माझे आक्षेप दोन. पहिला नसांचा, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दिशेचा. एका सलग पातळ फळीतून जाळी कापली की एका दिशेच्या पट्ट्यांमध्ये नस लांबीत जाते आणि दुसऱ्या दिशेच्या पट्ट्यांमध्ये आडवी. आडव्या नसेची १.२ मिमीची पट्टी बोटाच्या दाबानं तुटते, आणि प्लाय घेतला तर कडेला थर दिसतात. दुसरा आक्षेप खोलीचा. लेझरची जाळी सपाट असते. लेज खोल आणि बॅटन पातळ, हे तिच्यात येत नाही. शिवाय भोकांच्या आतल्या बाजू जळून काळ्या पडतात आणि १ मिमीच्या भोकात पॉलिश पेपर घालून त्या साफ करता येत नाहीत.

पण लेझर खाचा कापायला वापरता येईल. पातळ फळीतून लेज आडव्या झोपवून, खाचांसकट कापून घ्यायच्या. तिथं अचूकतेचा फायदा मिळतो आणि जळकी बाजू खाचेत बॅटनखाली झाकली जाते. लेजच्या दोन लांब कडा तेवढ्या घासाव्या लागतील. तुमच्याकडे मशीन हाताशी आहे तर करून बघा आणि इथं फोटो टाका.

वास्तुरेखा

हे पटलं. लेझरचा किरण स्वतःही थोडं लाकूड खातो, त्यामुळे खाच काढलेल्या रेघेपेक्षा रुंद येते. ते आम्ही फाइलमध्येच कमी करून घेतो. आधी वाया जाणाऱ्या तुकड्यावर १.०, १.०५, १.१ अशा खाचा ओळीनं कापून पट्टी कुठल्या खाचेत नीट बसते ते बघते, मग बाकीचं.

टूलरूमकाका, भोसरी

मी मॉडेलवाला नाही, माझा मुलगा आहे. त्यानं दुवा पाठवला. टूलरूममध्ये आयुष्य गेलं, म्हणून कटरबद्दल चार शब्द लिहितो.

तुम्हाला हवा तो स्लिटिंग कटर, खाचा पाडायचं गोल पातळ पातं. हायस्पीड स्टीलचा, १.२ मिमीचा तयार मिळतो, १ आणि १.६ चाही मिळतो. लाकडाच्या करवतीचे दात डावीकडे-उजवीकडे वाकवलेले असतात. ती पटकन कापते, पण खाचेच्या भिंती खरबरीत ठेवते. स्लिटिंग कटरचे दात सरळ असतात आणि बाजू मध्याकडे किंचित पोकळ घासलेल्या असतात, त्यामुळे खाच स्वच्छ येते. बोहरी आळीत विचारा, नाहीतर आमच्या बाजूला एमआयडीसीत टूल्सच्या दुकानांत मिळेल. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथंही वापरलेले कटर येतात. पण घेताना काचेवर ठेवून सपाट आहे का बघा आणि प्रत्येक दात नखानं तपासा. एक दात उडालेला कटर लाकूड फाडतो.

मोठी अडचण कटरची नाही, आर्बरची, म्हणजे कटर ज्या दांड्यावर बसतो त्याची. कटरचं भोक तुमच्या छोट्या मोटरच्या दांड्यापेक्षा मोठं असतं. मध्ये वायसर घालून भागवू नका. लेथवर नीट आर्बर करून घ्या, कटर बसतो तो खांदा आणि व्यास एकाच सेटिंगमध्ये काढायला सांगा. कटर अर्धा दशांश (०.०५ मिमी) डगमगला तर १.२ च्या कटरनं १.३ ची खाच पडते, कारण डगमग दोन्ही बाजूंनी खाते. म्हणून कटरवर छापलेल्या आकड्यावर काम करू नका. एक खाच कापा, फीलर गेजच्या (ठरलेल्या जाडीच्या पात्यांच्या संचाच्या) पात्या जोडून त्या खाचेत घाला, जो आकडा येईल तो खरा. बॅटन त्या आकड्याच्या करायच्या.

डोलकाठी

काका, फार मोलाचं लिहिलंत. मी जे चाचपडत शिकलो ते तुम्ही एका परिच्छेदात मांडलं. आता जिगची रीत लिहितो, तुम्ही कुठं खटकलं तर सांगा.

टेबल सॉवर छोटी सरकती पाटी घ्यायची, तिच्यावर कटरला काटकोनात उभी फळी. त्या फळीच्या तळाशी, कटरपासून नेमकं १ मिमी अंतर सोडून, १.२ मिमी जाडीची पितळी पट्टी बसवायची. हीच चावी. कामाची फळी साधारण २.२ मिमी जाड, ५० मिमी रुंद आणि १०० मिमी लांब, नस लांबीच्या दिशेला. पहिली खाच आडवी कापायची, नसेला छेद देऊन. मग ती खाच चावीवर बसवायची आणि दुसरी कापायची. दुसरी चावीवर, तिसरी कापायची. अशी पूर्ण फळी. म्हणजे प्रत्येक खाच आधीच्या खाचेवरून मोजली जाते.

फळीवर सगळ्या खाचा पडल्या की ती नसेच्या दिशेनं १.२ मिमीच्या पट्ट्यांत फाडायची. प्रत्येक पट्टी म्हणजे फणीसारख्या दातांची एक लेज तयार. एका फळीतून वीसेक लेज सहज निघतात.

यात दोन बारकावे आहेत. पहिला: खाचा कापण्याआधी खालच्या बाजूला फळीवर कोपऱ्यातून कोपऱ्यात पेन्सिलीची तिरकी रेघ मारा. फाडल्यावर प्रत्येक पट्टीवर त्या रेघेचा एक ठिपका उरतो. पट्ट्या परत शेजारी लावल्या की ठिपक्यांची तिरकी रेघ जुळली पाहिजे. यामुळे एकही लेज उलटी फिरत नाही आणि क्रमही राहतो. हे महत्त्वाचं का? चावी ०.०३ नं चुकली असेल तर बारा खाचांत ती चूक ०.३६ मिमी होते. पण सगळ्या लेज एकाच फळीतल्या आणि एकाच क्रमात असतील तर सगळ्यांत चूक तीच आणि तिथंच, त्यामुळे बॅटन सरळ बसते. एक लेज जरी उलटी फिरली तरी बॅटन अडते.

दुसरा बारकावा: दात उडणं. दोन खाचांमधला दात १ मिमी रुंद असतो आणि कटर मागच्या बाजूनं बाहेर पडताना त्याचा टवका काढतो. कामाच्या फळीमागे टाकाऊ फळी घट्ट लावायची आणि ती प्रत्येक वेळी थोडी सरकवत राहायची. वरच्या बाजूला कापण्याआधी चपडी लाखेचा पातळ हात मारून वाळू द्यायचा, म्हणजे तंतू बांधले जातात. खाच ०.६ मिमीपेक्षा खोल नको. बॅटन पातळच असते, खोल खाच कापून मिळत काही नाही, दात मात्र कमजोर होतात.

टूलरूमकाका

जिग बरोबर आहे. चावी पितळेची ठेवलीत ते उत्तम, लाकडाची झिजते. एकच सुचवतो. चावी थेट ठोकून बसवू नका, तिच्यासाठी सरकणारी पट्टी करा आणि मागून बारीक आट्याचा स्क्रू द्या. सहा खाचा कापायच्या, पहिलीपासून सहावीपर्यंतचं एकूण अंतर व्हर्नियरनं मोजायचं, पाचानं भागायचं आणि स्क्रू फिरवायचा. एका खाचेवर मोजलं तर व्हर्नियरची चूक आणि कामाची चूक वेगळी काढता येत नाही.

लाकूडफाटा, भवानी पेठ

आमचं घर टिंबर मार्केटजवळ, तीन पिढ्या सुतारकामात. लाकडाचं कुणीच विचारलं नाही अजून!

डोलकाठी, जहाज सागाचं होतं म्हणून जाळी सागाची करू नका. साग सुंदर, पण त्याची नस उघडी. पाव मिलिमीटरचं छिद्र सागात जागोजागी सापडतं. तुमच्या १:६४ च्या हिशोबात ते दीड सेंटीमीटरचं भोक झालं, आणि १ मिमीच्या दातात असं छिद्र आलं तर दात गेलाच. इथं बारीक नसेचं लाकूड पाहिजे. परदेशात पेअर आणि बॉक्सवूड वापरतात असं वाचलं. आपल्याकडे हेदू बघा, काहीजण हळदू म्हणतात. पिवळसर, गच्च, नस बारीक आणि सारखी. पूर्वी गिरण्यांचे बॉबिन हेदूचे करत, कारण कातायला गुळगुळीत येतं आणि टवके निघत नाहीत. कळंबही त्याच जातकुळीचा. पांढरी जाळी हवी असेल तर काळा कुडा. नाव काळा, लाकूड हस्तिदंतासारखं. चन्नपट्टणची खेळणी परंपरेनं त्याचीच.

मार्केटमध्ये एवढासा तुकडा मागितला तर वखारवाले हसून नाही म्हणतील. दुपारी जा, कटिंगवाल्याकडे पडलेल्या ढलप्यांतून निवडा. ताजं कापलेलं घेऊ नका, जुन्या खुर्चीचा किंवा कातीव पाट-पोळपाटाचा तुकडा मिळाला तर सोनं. वीस-तीस वर्षं वाळलेलं लाकूड हलत नाही.

डोलकाठी

+१. मी हेदूच वापरतोय आणि त्यावर चपडीचा हात बसला की रंग मधासारखा येतो. सागाच्या रंगाच्या बराच जवळ.

नवखा_नाविक

माझा प्रश्न राहिला का? मशीन नाही, १:९६ आहे.

लाकूडफाटा

नाही राहिला, भाऊ. पट्ट्या एकेक कापू नकोस, जुडी बांध. हेदूच्या पट्ट्या सारख्या उंचीच्या रंधून घे, पंधरा-वीस शेजारी लाव, दोन्ही बाजूंना टाकाऊ लाकूड आणि शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळ. मग हॅक्सॉचं पातं घे, बारीक दातांचं, इंचाला ३२ दातांचं मिळतं. पातं साधारण ०.६५ मिमी जाड असतं, पण दात नागमोडी वाकवलेले असतात म्हणून खाच रुंद पडते. पातं तेलाच्या दगडावर आडवं ठेवून दोन्ही बाजूंनी दात हलके घास. खाच ०.७-०.८ वर आली की १:९६ ला हवी तीच.

अंतरासाठी दोन पाती जोडायची. मध्ये तुझ्या भोकाएवढ्या जाडीची पत्र्याची पट्टी, दोन्ही टोकांना स्क्रू. पहिली खाच एका पात्यानं, गुण्या लावून. मग एक पातं त्या खाचेत चालव, दुसरं आपोआप पुढची खाच कापतं. लाकडाची फणी करणारे असंच दुहेरी पात्याचं हत्यार वापरायचे. चावीची जिग आणि हे, तत्त्व एकच. खोली सारखी यावी म्हणून पात्याच्या दोन्ही बाजूंना पितळी पट्ट्या चिकटव, त्या लाकडावर टेकल्या की पातं पुढं जात नाही.

नवखा_नाविक

हे तर जमेल! पत्रा मोजायला काय वापरू?

टूलरूमकाका

फीलर गेजचा संच घे. त्यात ०.६५ ची पाती आहे ना, ते बघून घे. तीच मध्ये घाल, मोजायची गरज नाही.

वास्तुरेखा

खाचा लेजनाच असतील तर बॅटन बसवताना लेज उभ्या आणि सारख्या अंतरावर कशा धरायच्या? किटच्या जाळीत दोन्ही पट्ट्या एकमेकींना धरतात. इथं तसं काही नाही. वीस लेज चिमट्यानं उभ्या करायच्या म्हणजे कठीण दिसतंय.

डोलकाठी

ताई, नेमका प्रश्न. याचं उत्तर त्याच फळीत आहे. खाचा पाडलेली फळी सगळी फाडायची नाही, ३०-४० मिमीचा तुकडा अख्खा बाजूला ठेवायचा. त्यातल्या खाचा जिगवर परत नेऊन थोड्या खोल करायच्या, ०.८ मिमीपर्यंत. हा झाला पाट. लेजची जाडी १.२, पाटाच्या खाचा १.२ च्या, अंतर तेच. लेज पाटाच्या खाचांत उभ्या खोवायच्या, त्यांचे दात वर. आता दोन्ही दिशांना अंतर एकाच कटरनं आणि एकाच चावीनं ठरलेलं आहे, म्हणून भोक आपोआप चौकोनी येतं. पाटावर आधी मेणबत्ती घासायची, म्हणजे गोंद चिकटत नाही.

लेजची उंची सुरुवातीला जास्त ठेवा, २.२ मिमी. तळाचे ०.८ पाटात जातात, वर १.४ उरतात. जाळी पाटावरून काढल्यावर तळ घासून खाली आणायचा.

बॅटन ओल्या गोंदात बुडवून बसवू नका. आधी सगळ्या बॅटन कोरड्या खाचांत दाबा. मग फेव्हिकॉलमध्ये तिसरा हिस्सा पाणी घालून, सुईच्या टोकानं प्रत्येक सांध्यावर बाजूनं एक थेंब. तो स्वतः आत ओढला जातो. वरच्या बाजूला गोंद लागला तर तिथं चपडी बसत नाही आणि पांढरट डाग राहतो. वाळलं की २४० चा पॉलिश पेपर काचेवर चिकटवून जाळी उलटी धरून गोल फिरवायची. बॅटन आणि दात एका पातळीत येतात. धूळ भोकांत साचते ती फुंकून काढायची, ओल्या फडक्यानं नाही.

लाकूडफाटा

बॅटनची जाडी-रुंदी सारखी कशी ठेवता? रंध्यावर ०.६ मिमीची पट्टी टिकत नाही.

डोलकाठी

ओढून. जाड लोखंडी पाटीवर पटाशी धार खाली करून उभी घट्ट आवळायची, जरा मागे कललेली. धार आणि पाटीमध्ये फीलर गेजनं फट ठरवायची. पट्टी त्या फटीतून हातानं ओढायची, रंधायची नाही. एक ओढ, मग फट ०.०५ नं कमी, परत ओढ. पातळ कीस निघतो आणि पट्टी शेवटपर्यंत सारखी येते. नस बघून ओढायची दिशा ठरवा, उलट्या नसेला पट्टी पटाशीखाली रुतते.

मुळाकाठ, औंध

जून-जुलैत हे काम कराल तर सावध, म्हणून लिहिते. मी १:४८ ची एक बोट करते आहे. उन्हाळ्यात फाडून ठेवलेल्या बॅटन पावसाळ्यात खाचेत जात नव्हत्या. खाच तीच, पट्टी तीच.

लाकूडफाटा

ताई, असंच होणार. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. लेजमधल्या खाचेची रुंदी नसेच्या दिशेत मोजली जाते, म्हणून खाच पावसाळ्यातही तेवढीच राहते. बॅटनची रुंदी मात्र नसेला आडवी, ती फुगते. एक-दोन टक्के फुगली तरी घट्ट बसणारी पट्टी अडते. पुण्यात एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी ठक्क आणि जुलैत कपडे वाळत नाहीत, तेव्हा फरक पडणारच. बॅटन ज्या दिवशी बसवायच्या त्याच दिवशी शेवटची ओढ द्या. आणि अडली तर ठोकू नका, ठोकलं की दात बाहेरच्या बाजूला तिरके होतात आणि तुटतात.

मुळाकाठ

धन्यवाद. आता कळलं की लेज बरोबर होत्या आणि पट्ट्याच का अडत होत्या. अजून एक: तुतकाला बाक असतो, मध्ये उंच आणि कडांना खाली. जाळीलाही द्यायचा का?

डोलकाठी

हिशोब करून बघू. समजा जहाज ४० फूट रुंद आणि बाक ६ इंचांचा. १:६४ ला २७ मिमीची जाळी बरोबर मधोमध असते. तेवढ्या रुंदीत तिची कड माथ्यापेक्षा खाली येते ती अर्ध्या दशांशापेक्षाही कमी, म्हणजे कागदाच्या जाडीहून कमी. निव्वळ तुतकाच्या बाकासाठी धडपड नको. पण हॅचच्या आडव्या चौकटींना तुतकापेक्षा जरा जास्त बाक देत, पाणी बाजूला निघून जावं म्हणून. तो डोळ्याला जाणवतो, आणि पुढच्या कोनातून मॉडेल बघितलं की सुंदर दिसतो. तेवढ्यासाठी जाळी उलटी काचेवर घासण्याऐवजी किंचित खोलगट घासलेल्या लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून लेजच्या दिशेत घासायची. लेज मुळात उंच ठेवल्या आहेत, त्यामुळे घासायला लाकूड शिल्लक असतं. बॅटन मात्र ०.६ ऐवजी ०.७ ठेवा, कडांना त्या जास्त घासल्या जातात.

तुमच्या १:४८ ला फरक थोडा जास्त दिसेल, तेव्हा जरूर द्या.

नवखा_नाविक

रविवारी जुन्या बाजारातून शेगडा आणला, बोहरी आळीतून पाती आणि फीलर गेज. आज वीस पट्ट्यांची जुडी कापली. दोन दात उडाले, बाकी सगळे शाबूत. टाकाऊ फळी सरकवली नव्हती तिथंच उडाले. किटच्या जाळीशेजारी ठेवून बघितलं आणि दोन्हींत एक इंचभर उंचीचा पुठ्ठ्याचा खलाशी उभा केला. १:९६ ला साडेपाच फुटांचा माणूस १७-१८ मिमी होतो, तेव्हा तो जरा उंचच झाला. तरीही किटच्या जाळीत त्याचं पाऊल भोकात जातंय आणि नव्या जाळीवर तो नीट उभा राहतोय!

आता प्रश्न नाळेजवळच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळच्या, जाळ्यांचा. त्या चौकोनी नाहीत, एका बाजूला निमुळत्या आणि कड गोलाकार. त्या कशा करू?

डोलकाठी

शाब्बास! तो खलाशी १७ मिमीचा करून कायम जवळ ठेव, जिने आणि कठडे करतानाही उपयोगी पडेल.

नाळेजवळच्या जाळीसाठी निमुळती जाळी विणायला जाऊ नकोस. मोठी चौकोनी जाळी कर, हव्या त्या आकारापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन भोकं जास्त. नकाशावरून आकार पातळ कागदावर उतरव, जहाजाची मधली रेषा कागदावर काढ आणि ती एखाद्या बॅटनच्या मधोमध येईल अशी कागद चिकटव, साध्या खळीनं, म्हणजे नंतर ओलसर बोटानं निघेल. मग बाहेरून आत बारीक पात्यानं काप, रेघेच्या अर्धा मिमी बाहेर, आणि कानशीनं रेघेपर्यंत ये. कडेला अर्धी भोकं उरतात, ती इथं चालतात, कारण या जाळीला भोवती स्वतःची वाकवलेली चौकट असते आणि भोकं तिच्यापाशी कापलेली दिसतात. चौकटीची पट्टी अर्धा तास पाण्यात भिजवून इस्त्रीच्या कडेवर वाकव, वाळेपर्यंत साच्याला टाचण्यांनी धरून ठेव. पट्टी १:९६ ला एक मिमीपेक्षा जाड नको.

कापण्याआधी मात्र सगळ्या सांध्यांवर चपडीचा पातळ हात दोनदा मार, नाहीतर कडेच्या तुकड्यांमधले सांधे कानशीच्या थरथरीनं सुटतात. कापून झालं की शेवटचा हात, आणि तो ब्रशनं नाही: फडक्याच्या बोळ्यावर थेंबभर घेऊन वरवर फिरव. ब्रशनं दिलं की लाख भोकांत साचते आणि एक-दोन भोकं बुजतात. बुजलीच तर लाख ओली असतानाच खालून फुंकर.